मुका गायनवर्ग

३ सप्टेंबर

रोज संध्याकाळी शाळेतून आलं की मी हिच्यासमोर खुर्ची ओढून बसायचो आणि मनसोक्त कुरकुर करायचो. कोण बेसूर गायलं, पियानोच्या पट्ट्यांत कोणी खोडरबर कोंबला, स्टाफरूममधला चहा किती पाणचट होता. ही इस्त्री करता करता "हं, हं" म्हणायची आणि शेवटी "झालं? आता हातपाय धुवा," म्हणून मला उठवायची. ऐकायची की नाही, देव जाणे. ही गेली त्याला वर्ष होत आलं. कुरकुर मात्र शिल्लक राहिली आहे. मध्यंतरी ती मी लेकीला फोनवर ऐकवायला लागलो, तर ती म्हणाली, "पपा, तुम्ही हे सगळं लिहून का नाही काढत?" काय ते समजलो. म्हणून ही वही.

उद्या शाळा उघडते. इतके महिने घरात बसून कॉम्प्युटरवर गाणं शिकवलं. एकाचा सूर आत्ता, दुसऱ्याचा मागाहून, तिसऱ्याच्या घरचा कुत्राच जास्त सुरात. आता मुलं समोर असतील, मास्क लावून का होईना.

शाळा चर्चची आहे. सिस्टर ती चालवतात, आणि वरचा हुकूम येतो बिशपांच्या कार्यालयातून. मी तिथे संगीत शिकवतो. माझी लेक तिथेच शिकली, आणि आता तिची लेक तिसरीत जाईल. नातीला घरी सगळे रेडिओ म्हणतात. नाव हिनंच ठेवलं, कारण पोर झोपेतसुद्धा बोलायची. जावई जहाजावर असतो, वर्षातून दोनदा उगवतो. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मी लेकीकडे जेवायला जातो. परवा जेवताना रेडिओनं विचारलं, "आजोबा, देवाला दात असतात का? मग तो ते कुणासमोर घासतो? आई तर म्हणते, कुणी बघत असलं की नीट घासले जातात." मला हसताना ठसका लागला. त्या एका जेवणावर माझा सगळा आठवडा उभा असतो. हे मी लेकीला कधी सांगितलेलं नाही.

६ सप्टेंबर

गाणं बंद! मुख्याध्यापिका सिस्टरांनी सकाळीच सांगितलं, "सर, वर्गात गायचं नाही. वरून आलंय." मी म्हटलं, मग मी काय करू, घंटा वाजवू? तर म्हणाल्या, "मुलांना मास्क का लावायचा ते तुम्हीच समजावून सांगा. तुमचं ऐकतात."

ऐकतात खरी. प्रार्थनेच्या वेळी मी व्यासपीठावर उभा राहिलो. हिच्या पर्समधला छोटा गोल आरसा बरोबर नेला होता. मास्क काढला, आरसा तोंडासमोर धरला आणि मोठ्यांदा 'आ' लावला. आरसा पार धुरकटला. तो सगळ्यांना दिसेल असा फिरवला आणि म्हटलं, "बघा. आपण बोललो, गायलो की हे एवढं बाहेर पडतं. दिसत नाही, पण समोरच्याच्या अंगात जातं. तुम्ही लहान आहात, तुम्हाला काही होणार नाही. पण तुमच्या घरी आजी-आजोबा आहेत ना?"

सगळी शाळा चिडीचूप. मग मी तिसरीच्या ओळीपाशी गेलो आणि आरसा जवळून दाखवला. रेडिओ ओळीत सगळ्यांत पुढे उभी होती. तिनं आरसा ओळखला असावा. डोळे एवढे मोठे करून बघत राहिली. इतकं लक्ष देऊन ऐकणारं पोर सबंध शाळेत नसेल. नंतर सिस्टर म्हणाल्या, मुलांवर असा परिणाम कुणाच्याच भाषणाचा झाला नव्हता. खरं सांगायचं तर मी दिवसभर छाती फुगवून हिंडलो.

२० सप्टेंबर

युक्ती सुचली. आवाजानं गायचं नाही ना? मग हातानं गाऊ! प्रत्येक सुराला हाताची एक खूण असते, हे जुनंच शास्त्र आहे. डो, म्हणजे आपला सा, कमरेपाशी मूठ. सो म्हणजे छातीसमोर आडवा तळहात. टी म्हणजे वर तिरकं बोट. मी पियानो वाजवतो आणि पोरं हातांनी सूर दाखवतात. सगळे हात एकदम वर जातात, एकदम खाली येतात. स्टाफरूममध्ये याला 'मुका गायनवर्ग' असं नाव पडलं आहे. चिडवायला ठेवलंय, पण मला आवडलं. खेळाचे मास्तर, ज्यांना सगळे शिट्टी म्हणतात, ते दारात उभे राहून म्हणाले, "सर, असा शांत वर्ग मला जन्मात मिळणार नाही."

रेडिओ सगळ्यांत तरबेज. बाकीचे शेजाऱ्याचा हात बघून हात हलवतात, ही डोळे मिटून करते. कान माझा घेतलाय.

हल्ली शहाणीही झाली आहे. रविवारी जेवताना चकार शब्द काढला नाही. काही विचारलं की मान हलवते. खाताना बोलू नये, हे हिनं तिला हजारदा सांगितलं होतं, ते आता कळलेलं दिसतं.

९ ऑक्टोबर

आज हिचा वाढदिवस. सकाळी दफनभूमीत जाऊन आलो. फुलं ठेवली, पण तिथे उभं राहवेना.

लेकीनं तरीही केक केला होता. म्हणाली, "आईला केक आवडायचा. आपण खाऊ." गेल्या वर्षी याच टेबलाशी रेडिओ आजीच्या मांडीवर बसली होती. तिच्या गळ्यात हात टाकून, कानाला तोंड लावून तिनं वाढदिवसाचं अख्खं गाणं म्हटलं होतं, तेही दोनदा. आणि ही म्हणत होती, "अगं पुरे, कान फुटला माझा!" त्याच आठवड्यात हिला ताप भरला. कुठून आला तो आजार, कुणास ठाऊक. दुकानातून, बसमधून, माझ्याच अंगावरून. मी ते शोधायचं सोडून दिलं आहे. हॉस्पिटलात नेलं, आणि पुन्हा भेटूच दिलं नाही. शेवटी एका नर्सनं फोन तिच्या कानाशी धरला, तर मला एवढंच सुचलं, "इस्त्री मी करतोय, काळजी करू नको." तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात शेवटचं बोललो ते हे.

केक कापताना रेडिओ उठून गेली. बराच वेळ आली नाही म्हणून बघायला गेलो, तर बेसिनपाशी उभी राहून साबणानं जीभ घासत होती. ओठांवर फेस आलेला. मला हसूच आलं. म्हटलं, "अगं, साबण हाताला लावायचा!" तिनं चूळ भरली आणि मास्क लावून बाहेर आली. केक खाल्लाच नाही. लेक तिच्याकडे एकटक बघत होती. स्वच्छतेचं वेड लागलंय पोरीला, पण या दिवसांत ते बरंच म्हणायचं.

१८ ऑक्टोबर

बिशपांच्या कार्यालयातून पत्रक आलं. मास्क ठेवायचा की नाही, हे प्रत्येक शाळेनं पालकांना विचारून आपापलं ठरवावं. म्हणजे त्यांनी हात झटकले आणि भांडण आमच्या अंगणात आणून टाकलं.

स्टाफरूमचे दुपारपर्यंत दोन भाग झाले. शिट्टी म्हणाले, "पळताना पोरांना दम लागतो. मला त्यांचे चेहरे ओळखू येईनात." विज्ञानाच्या बाईंनी सुनावलं, "मग पळवू नका." शिट्टी आपला डबा उचलून खिडकीपाशी जाऊन बसले. इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो.

संध्याकाळी सिस्टरांनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "लहान वर्गांचे मास्क काढा, असं काही पालकांनी मिळून लेखी दिलंय. पुढाकार कुणाचा आहे, तुम्हाला ठाऊक आहे?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला, आणि पहिलीच सही बघून मला कळलं. माझी लेक!

घरी आल्या आल्या फोन लावला.

"तुझी आई कशानं गेली, विसरलीस?"

"पपा, ओरडू नका. मी तुम्हाला सांगणारच होते."

"अख्ख्या शाळेला कळल्यावर?"

"ऐका तरी. ती बोलत नाही."

"कोण?"

"कोण म्हणजे? रेडिओ! शाळेत एक शब्द बोलत नाही. घरीसुद्धा फक्त माझ्याशी, तेही कानात, तोंड दुसरीकडे करून. मी तिच्या वर्गाच्या टीचरना विचारलं, तर त्यांना पत्ताच नाही. म्हणाल्या, सगळे एकदम उत्तर देतात, मास्कमागे कोण बोलतं कळत नाही. लिहिते छान, म्हणून त्यांनी लक्षच दिलं नाही. निदान तोंड दिसलं असतं तर कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं ना?"

"अगं, पोरी मोठ्या होताना गप्प होतात. तू नव्हतीस का झाली?"

"मी गप्प नव्हते झाले, पपा. तुम्ही प्रॅक्टिसला असायचात."

आता हे मधेच कुठून काढलं? मी फोन ठेवला. आपलं म्हणणं खरं करायला माणूस पोटच्या पोरीलाही पुढे करतो, याचं वाईट वाटलं.

२४ ऑक्टोबर, रविवार

गेलो जेवायला. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाऊन जाणार कुठे? लेकीनं वाढलं, मी खाल्लं. मीठ जास्त झालं होतं, बोललो नाही.

ती भांडी घासत असताना मी आणि रेडिओ बाहेरच्या खोलीत होतो. मी मास्क काढून बाजूला ठेवला होता. तिनं तो उचलला, माझ्या मांडीवर चढली, आणि दोन्ही कानांना नीट अडकवला. मग दोन्ही तळहात माझ्या तोंडावर ठेवून दाबून धरले. चांगला जोर लावला. मला भरून आलं. म्हटलं, "बघ, तुझ्या आईला जे कळत नाही, ते तुला कळतं." तिनं मान हलवली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

२९ ऑक्टोबर

पालकसभा झाली. हॉल खचाखच भरला होता. मधली वाट सोडून लोक आपसूक दोन बाजूंना बसले, लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे बसावेत तसे. फक्त कुणी हसत नव्हतं. सिस्टरांनी प्रार्थना सांगितली. ती संपायच्या आत कुणीतरी "मुद्द्यावर या" म्हणालं. प्रार्थनेच्या मध्ये!

एक आई नर्स आहे. ती उभी राहिली आणि नुसती रडायला लागली. मग म्हणाली, "मी जे बघून येते ते तुम्ही बघितलं असतं, तर तुम्ही इथे भांडला नसता." मागून एक वकील बाप ओरडला, "रडून नियम करायचे का?" शिट्टींनी तोंड उघडलं, तर लोकांनी त्यांनाच शिट्टी वाजवली. कोणी म्हणालं, देवावर विश्वास नाही का तुमचा? दुसरं म्हणालं, देवानं डोकं दिलंय, तेही वापरा. सिस्टर टेबलावर हात आपटून दमल्या.

मग लेक उठली. मान्य करतो, ती चांगली बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मला मास्कचं वावडं नाही. माझी आई याच रोगानं गेली. मी एवढंच म्हणते, की तिसरीपर्यंतची मुलं लांब लांब बसवा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्यांची तोंडं दिसू द्या. काही मुलं आतल्या आत मिटत चाललीत आणि ते आपल्याला दिसत नाहीये."

आमच्या बाजूचेही काही लोक माना डोलवायला लागले. आपली बाजू पडते आहे असं मला वाटलं आणि मी उठलो. म्हटलं, "मी या शाळेत जन्म घालवला. मुलांचं मला कळतं. माझी स्वतःची नात तिसरीत आहे. तिनं आजवर एकदाही तक्रार केली नाही. सबंध वर्गात तिच्यासारखी शहाणी—"

"पपा, तिला मध्ये आणू नका."

"का आणू नको? तीच तर—"

"पपा!"

सगळा हॉल आमच्याकडे वळून बघायला लागला. मी काय केलं? मी वाक्य पुरं केलं. म्हणालो, "लहान मुलीला जे कळतं ते मोठ्यांना कळू नये, याचं वाईट वाटतं." आमच्या बाजूनं टाळ्या पडल्या. लेकीनं पर्स उचलली आणि मधल्या वाटेनं निघून गेली.

ठरलं, हे सत्र संपेपर्यंत सगळ्यांनी मास्क लावायचा. लोक मला हात जोडून गेले. सिस्टर दिवे मालवताना म्हणाल्या, "सर, जिंकल्यासारखं वाटतंय का?" मी म्हटलं, वाटायला काय हरकत आहे. त्या "बरं" म्हणाल्या.

३१ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा मेसेज आला. "आज येऊ नका." घरी पाव खाल्ला.

७ नोव्हेंबर, रविवार

मिस्सेला त्या दोघी पलीकडच्या रांगेत होत्या. शेजारच्यांना हात जोडून शांतीची खूण करतात, त्या वेळी लेकीनं माझ्याकडे बघितलं नाही. रेडिओनं बघितलं.

२८ नोव्हेंबर, रविवार

जेवणाबद्दल आता मी विचारत नाही. ती बोलवत नाही. चूक माझी असेल तर मी आपणहून फोन करीन. पण चूक कुठे आहे, ते मला सापडत नाही. नियम पाळा म्हणालो, यात काय गुन्हा झाला? घर खायला उठतं. सबंध कपाट इस्त्री करून झालं, हिच्या साड्यांसकट.

१७ जानेवारी

हे लिहावं की नाही कळत नाही.

नवं सत्र सुरू झालं. साथ ओसरली आहे. सिस्टरांनी परवा नियम सैल केला: ज्याला हवा त्यानं मास्क लावावा, आणि गाणं मैदानात, मोकळ्यावर चालेल. पियानो बाहेर काढता येत नाही, म्हणून मी नुसताच सूर देऊन तिसरीला उभं केलं. किती महिन्यांनी मुलांचे आवाज ऐकले! पहिल्याच ओळीला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बेसूर होते, तरी आलं.

माझी एक जुनी रीत आहे. मुलं गात असताना मी ओळीतून हळूहळू चालतो, वाकतो, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी कान नेतो. कोण घसरतो, कोण ओरडतो, कोण नुसता वाऱ्यावर आहे, लगेच कळतं. सगळे म्हणतात, या माणसाच्या कानातून काही सुटत नाही. तसा मी निघालो. रेडिओनं मास्क लावला नव्हता. आईनं लावू दिला नसणार. लांबून बघितलं, तोंड सुरेख उघडत होती. एकेक अक्षर जागच्या जागी, श्वास बरोबर जिथे हवा तिथे. मला वाटलं, चला, आता आपलं पोर ऐकू. तिच्यापाशी पोहोचलो, वाकलो, आणि कान खाली केला.

काही नव्हतं. शेजारच्या मुलाचा आवाज येत होता, पलीकडच्या मुलीचा येत होता. तिचं तोंड हलत होतं आणि आवाज नव्हता. मी आणखी जवळ गेलो, तशी ती झटकन मागे सरली, आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरून मान जोरजोरात हलवायला लागली. डोळ्यांत भीती होती. माझ्याकडे बघताना.

शेजारची मुलगी म्हणाली, "सर, ती कधीच म्हणत नाही. ती बोलतच नाही."

"कधीपासून?"

"शाळा उघडली तेव्हापासून. तुम्हाला नाही माहीत?"

मी त्यांना म्हटलं, पुढचं कडवं घ्या. त्यांनी घेतलं. मी ते ऐकलं नाही.

१८ जानेवारी

शाळा सुटल्यावर सरळ लेकीकडे गेलो. तिनं दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता आत घेतलं. रेडिओ शेजारणीकडे होती.

मी म्हटलं, "ती गात नाही."

"हो, पपा."

"तू मला सांगितलं होतंस."

"हो."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. म्हणाली, गेले दोन महिने ती रेडिओला मुलांच्या मनाच्या एका डॉक्टरबाईंकडे नेते आहे. तिथेही पोर बोलत नाही, नुसती खेळते. पण गेल्या आठवड्यात घरी, पांघरुणात, भिंतीकडे तोंड करून तिनं आईला सांगितलं. लेक म्हणाली, "पपा, बसा आधी."

बसलोच होतो.

"ती म्हणाली, आजीच्या कानात मी गाणं म्हटलं होतं. अगदी तोंड लावून. म्हणून आजी मेली."

मी म्हटलं, "असं कोण म्हणालं तिला? कुणी असलं डोक्यात भरवलं?" मी खरंच असं विचारलं. उठून उभासुद्धा राहिलो, की कोण तो नालायक, सांग मला.

लेक म्हणाली, "तिनं आरशावर बघितलं, पपा. आजीच्याच आरशावर. तुम्ही दाखवलंत ना."

त्यानंतर ती आणखी काही बोलत होती, की तुम्हाला काय माहीत, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत, डॉक्टरही म्हणाल्या की यात कुणाचा दोष नाही. ती माझी पाठ चोळत होती. लहान असताना तिला खोकला झाला की तिची आई अशी चोळायची. मी एवढंच म्हणत होतो, साबण, साबण. तिला काही कळेना. मग कळलं, आणि तीही रडायला लागली.

मास्कवरून आम्ही बापलेक इतके भांडलो, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण तिच्यासाठीच भांडतोय. पोर मास्कमागे एकटीच बसली होती, शिक्षा भोगत. ती मी दिलेली.

२ फेब्रुवारी

मी डॉक्टरबाईंना भेटलो. म्हटलं, मी तिला समोर बसवून सांगतो, की बाळा, मी चुकलो, आजी तुझ्यामुळे नाही गेली. त्या म्हणाल्या, "आईनं सांगितलंय. तुम्हीही एकदा सांगा, पण एकदाच. मग मागे लागू नका. बोल, गा, असं कुणीही म्हणायचं नाही. तिचं तिला येऊ द्या."

सांगितलं. पायरीवर बसून. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि माझ्या खिशातून मास्क काढून माझ्या हातात दिला.

सिस्टरांनाही जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुमचं कौतुक केलं होतं." त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

२७ फेब्रुवारी, रविवार

रविवारचं जेवण पुन्हा सुरू झालं आहे. मागितलेली गोष्ट मिळाली की माणसानं कुरकुर करू नये. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात येते आहे, आणि ती लेकीच्या आलेली नाही.

आज दारातच लेक म्हणाली, "काल तर किती बोलली, पपा! हळू, पण तोंड न फिरवता. खेळण्यांशी, माझ्याशी, खिडकीतल्या पक्ष्याशी. आणि आज सकाळपासून परत बंद. का, कोण जाणे." गेल्या रविवारीही ती हेच म्हणाली होती. त्याच्या आधीच्या रविवारीही. सोमवार जातो, मंगळवार जातो, मग पोर हळूहळू उघडते. रविवार उजाडला की मिटते. आजोबा येणार, हे तिला माहीत असतं.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, जी माणसं तिला जास्त जपावीशी वाटतात, त्यांच्यासमोर वेळ लागेल. मी आता म्हातारा आहे. आजी-आजोबांना जपायचं असतं, हे मीच तिला प्रार्थनेच्या वेळी व्यासपीठावरून सांगितलं होतं. तिच्याजवळ आता एवढा एकच उरला आहे, आणि तो तिला मारायचा नाही.

६ मार्च, रविवार

आज मिस्सेहून थेट गेलो. लेकीनं काल फोनवर सांगितलं होतं, "तुमच्यासाठी खास करतेय, उशीर करू नका. आणि तिला सांगितलेलं नाही तुम्ही येणार म्हणून, बघू काय होतं."

जिना चढलो. दाराशी पोहोचून घंटीवर बोट ठेवणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"आई, दुखतंय! इतकी घट्ट नको ना! मी काय घोडा आहे का?"

लेक काहीतरी म्हणाली.

"नाही, आधी सोड! सोड म्हणते ना! आणि तो लाल रिबिनच पाहिजे मला, निळा लावलास तर मी सोडून टाकीन, मग तूच बस शोधत!"

मोठ्यांदा. खणखणीत. रिबिनीला 'तो' म्हणायची तिची जुनी खोड; 'ती रिबीन, तो नाही' असं तिची आजी तिला नेहमी सुधारायची. मी भिंतीला टेकलो. खोकला येईल असं वाटलं, म्हणून रुमाल तोंडात धरला. आत भांडण चालू होतं. वेणीवरून सुरू झालेलं ते चपलांवर गेलं, तिथून शेजारच्या मांजरावर. मग ती हसली. सप्टेंबरनंतर तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

घंटी वाजवली असती तर लेकीनं दार उघडलं असतं, पान वाढलेलं असतं, आणि आतला आवाज तिथल्या तिथे थांबला असता. मी बोट काढून घेतलं. बूट हातात घेऊन जिना उतरलो.

खाली रस्त्यावर येऊन फोन लावला.

"पपा, कुठे आहात? गार होतंय सगळं."

"अगं, आज जमणार नाही. प्रॅक्टिस आहे. विसरलोच होतो."

"रविवारी? कसली प्रॅक्टिस?"

"आहे एक. मोठ्या मुलांची."

ती म्हणाली, "मला वाटलं होतं, आता तरी तुम्ही बदललात."

खरं सांगितलं असतं तर तिनं पोरीला समजावलं असतं, आजोबांसमोर बोल म्हणून हात धरून पुढे आणलं असतं, आणि ते करायचं नाही असं ठरलंय. म्हणून म्हटलं, पुढचे काही रविवारही कठीणच दिसतात. मग मात्र ती भडकली. लहानपणापासूनचं सगळं निघालं, तिच्या वाढदिवसांना मी नव्हतो, आईला ताप भरला तेव्हा पहिले दोन दिवस मी कॉम्प्युटरसमोरून उठलो नव्हतो, माझं घर म्हणजे कायम शाळा. त्यातलं बरंचसं खरं आहे.

मी मध्येच "ऐक तरी", "तसं नाही गं" असं काहीबाही म्हणत राहिलो, म्हणजे ती फोन ठेवणार नाही. तिच्या मागे रेडिओची बडबड चालू होती.